तलावातले विलायती फूल आणि दादासाहेब खांबेटे

दादासाहेब खांबेटे यांची नि माझी पहिली गाठ पडली ती देवासच्या धाकट्या पातीतल्या एका बगीच्यात, हौदापाशी. मी शिंगाड्यांची टोपली डोक्यावर घेऊन मागल्या दाराकडे चालले होते. दादासाहेब तेव्हा त्या बगीच्याचे दरोगा होते. पागोटे नीट, कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, आणि असे हे गृहस्थ हौदाच्या काठावर उकिडवे बसून पाण्यात बघत होते. पाण्यावर फुगीर देठांची रोपे तरंगत होती आणि एकावर जांभळट फुलांचा तुरा आला होता. वरच्या पाकळीवर मोरपिसाला असतो तसा पिवळा डोळा होता.

“बाई, टोपली उतरवा आणि हे बघा,” ते म्हणाले. “कलकत्त्याहून आणलं. तांब्यात घालून, आगगाडीत मांडीवर धरून आणलं.”

मी विचारले, “खायला येतं?”

“नाही.”

“औषधाला?”

“ऐकलं तर नाही.”

“गुरं तरी खातात?”

“अहो, सुंदर आहे ते.”

“बघून झालं असेल तर उपटून टाका मग,” मी म्हणाले आणि टोपली उचलली.

यात माझी हुशारी मुळीच नव्हती. आम्ही भोई. वाडवडील मराठ्यांच्या पालख्या वाहत इकडे आले. पालख्या गेल्या, आणि आमच्या हाती तलावातली शिंगाड्याची शेती राहिली. पाण्यात जे खायला येत नाही ते आम्हांस नकोसेच वाटते. दादासाहेब माझ्यावर रागावले नाहीत. उठले आणि हौदाभोवती फेऱ्या मारू लागले. मला वाटले, माझ्या बोलण्याने अस्वस्थ झाले. पुढे कळले की ते रोजच असे फिरत असत.

आता त्यांस साठ वर्षे पुरी होत आहेत. त्यांचे धारचे नि देवासचे विद्यार्थी मिळून हा ग्रंथ काढीत आहेत. त्यांनी मला येऊन सांगितले, “भागीरथीबाई, तलावाकडल्या माणसांचाही लेख हवा.” मी दोन इयत्ता शिकलेली. विद्वान मंडळी दादासाहेबांच्या विद्येबद्दल लिहितील. मला त्यांचे तलावापुरते ठाऊक आहे, तेवढे लिहिते.

धारकर वाचतील म्हणून आधी एक सांगायला हवे. आमचे देवास गाव एक आणि राज्ये दोन. थोरली पाती नि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचा शिपाई, त्या अंगाला दुसऱ्याचा. टेकडीखालचा आमचा तलावही तसाच. पालीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, पिंपळापासून समोरच्या समाधीच्या छत्रीपर्यंत मनातल्या मनात दोरी ताणायची. मावळतीकडचे पाणी थोरल्या पातीच्या भोयांचे, उगवतीकडचे आम्हां धाकट्यांचे. एकाच गोताची माणसे, लग्नकार्ये एकमेकांत, पण पाण्यात उतरले की आपापली पाती. कोणाची वेल वाऱ्याने सरकून दोरीपलीकडे गेली तरी भांडण.

दादासाहेबांचे फूल हौदात मावेना. एका जोराच्या पावसात हौद भरून वाहिला, पाणी नाल्यात गेले, नाला तलावात येतो. पहिल्या वर्षी कोणाला काही वाटले नाही. पोरींनी ती फुले वेण्यांत घातली. बायकांनी टेकडीवर देवीला वाहिली. विलायती फूल म्हणून नाव पडले. दुसऱ्या वर्षी ते तलावात हातपाय पसरू लागले, आणि त्याच्या पुढल्या पावसाळ्यात पालीवरून पाहिले तर पाणीच दिसेना. हिरवे कुरण दिसे. एक म्हैस त्याला जमीन समजून चालत गेली नि बुडता बुडता वाचली.

शिंगाड्याची वेल पाण्यावर पसरते, तिला ऊन लागते. आम्ही ती ज्येष्ठ-आषाढात लावतो आणि नवरात्राच्या उपासांपासून पौषापर्यंत तोडतो. त्यावर वर्ष निघते. हे फूल तिच्या उरावर बसले. वेल खालच्या खाली कुजली, पाण्याला वास सुटला, मासे पोट वर करून तरंगले. नवरात्रात देवासच्या बायका इंदूरचे शिंगाडे घेऊन उपास करू लागल्या आणि आम्ही हात हलवीत घरी बसलो.

कोणी आणले हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी हौदात पाहिले होते खरे, पण हौद कुठे नि तलाव कुठे, मला जुळणी लागली नाही. आमचे लोक म्हणत थोरल्यांनी टाकले. ते म्हणत धाकट्यांनी टाकले. कोणी म्हणे देवी कोपली. आणि या सगळ्यांत आम्ही भोयांनी जे केले ते दुसऱ्या कोठल्या गावाने केले नसते. आम्ही ते फूल काढले नाही. ढकलले.

उन्हाळ्यात नि पावसात आमच्याकडे वारा सोनकच्छकडे धावतो, म्हणजे उगवतीला. सगळे फूल आमच्या काठाला येऊन लागे. थंडीत वारा उलटतो, सोनकच्छकडून येतो, तेव्हा तेच ताफे हळूहळू थोरल्यांच्या काठाला जात. आम्ही लांब बांबू घेऊन ते दोरीपलीकडे लोटत असू नि म्हणत असू, सुटलो. चैत्रात ते लोक बांबू घेऊन आमच्याकडे लोटत नि म्हणत, सुटलो. दोन्ही पात्यांची धडधाकट माणसे, दिवसचे दिवस बांबू मारीत. त्याने रोपे मोडत, आणि मोडलेला प्रत्येक तुकडा आपले निराळे बिऱ्हाड करी. आम्ही त्याची लावणी करीत होतो असे समजा.

एका वैशाखात हे बांबू एकमेकांच्या डोक्यावर पडायची वेळ आली. आमच्या पातीचे म्होरके म्हणजे आमच्या घरचेच. थोरल्यांचा म्होरक्या राघो, तो नात्याने माझा मावसदीर. दोघेही पालीवर समोरासमोर उभे. मागे दोन्हीकडची माणसे. कोणीतरी दादासाहेबांस बोलावून आणले, दरोगा आहेत, शिकलेले आहेत, समजूत घालतील म्हणून. ते आले ते दोघांच्या मधून सरळ काठापर्यंत गेले. एक रोप उचलले, उलटे करून मुळ्या बघितल्या, पुन्हा परत आले.

“हे थोरल्यांनी टाकलेलं नाही,” ते म्हणाले. “धाकट्यांनीही नाही. मी आणलंय. माझ्या हौदातून आलंय.”

बांबू वर धरलेलाच राहिला आमच्या माणसाचा. राघो म्हणाला, “मग आता तुम्हीच खा, दरोगाजी.”

“काढतो,” दादासाहेब म्हणाले.

“कधी?”

“उद्यापासून.”

त्यांस कोणी पकडले नव्हते, विचारलेही नव्हते. गप्प राहते तर आजही ते फूल देवीच्या कोपाच्या खात्यावर असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दरोगेपणाचा राजीनामा दिला. ज्या हौदाने गावाचे नुकसान केले त्याची राखण आपण कोणत्या तोंडाने करायची, असे म्हणाले. पुढे घरी मुले शिकवू लागले; धारहून थोरले बंधू धान्य पाठवीत. हे सगळे मला वहिनींनी सांगितले, म्हणजे दादासाहेबांच्या घरच्यांनी. त्या म्हणाल्या, “नोकरी सोडली ती सोडली, निदान बसून जेवा म्हणावं. घास हातात घेऊन अंगणात फिरतात.”

काढतो म्हणणे सोपे होते. दादासाहेबांस घाई फार. आजही आहे. त्यांनी आम्हांस आषाढ-श्रावणातच पाण्यात उतरवले. फूल तेव्हा कमरेइतके माजलेले. ओढले की मुळांसकट यायचे, पण हातातून तुकडे सुटायचेच. ओढून ओढून आम्ही पालीवर ढीग घातला. रात्रंदिवस पाऊस, ढीग सुकेना. ढिगावरची फुले तशीच टवटवीत, आमच्याकडे बघत बसलेली. एक दिवस पाल ओसंडून पाणी आले आणि अर्धा ढीग परत तलावात गेला. भाद्रपदात तलाव होता तसाच हिरवा झाला. आमच्या घरचे म्हणाले, “दरोगे होते तेच बरं होतं. आता हे आपल्याला बुडवणार.” मला तेव्हा त्यांचे खरे वाटले होते.

त्यानंतर काही दिवसांनी मी खांबेट्यांच्या घरी गेले. वहिनींचे बाळंतपण होऊन गेले होते, घरी होते तेवढे शिंगाड्याचे पीठ द्यायला गेले होते. अंगणात पाहते तर नांदेत पाणी भरलेले नि त्यात तेच फूल, ऐन बहरात. माझा तोल गेला.

“तलाव बुडवलात तो पुरला नाही?” मी म्हणाले. “घरात पोसताय आता?”

“पोसत नाही, बघतोय,” ते म्हणाले. “हे दमतं कधी ते बघायचंय.”

“दमलोत ते आम्ही.”

“म्हणूनच तर. आपण ते जोरात असताना त्याच्याशी झगडलो. या इकडे.”

वहिनी आतून म्हणाल्या, “भागीरथीबाई, नांद फोडायची असली तर आजच फोडा. मी कोणाला सांगणार नाही.”

मी ती फोडली नाही. का फोडली नाही ते सांगता यायचे नाही. दादासाहेबांच्या चेहऱ्यावर झोप नव्हती, एवढे खरे. त्यांनी मला एक तुरा दाखवला. फुले सुकली होती आणि देठ मान मोडल्यासारखा वाकून पाण्यात गेला होता. मला वाटले मेले. त्यांनी पाण्यात हात घालून ते बोंड वर आणले, नखाने फोडले. आत तिळापेक्षा बारीक बी.

“मान खाली घालून पेरणी करतंय,” ते म्हणाले. “ही बी तळाला जाते.”

त्या वर्षभर मी त्या घरी जाता येता नांदेत डोकावे. कार्तिकात वाढ थांबली. मार्गशीर्षात पाने लहान नि पिवळी झाली. पौषात एका रात्री पाला, म्हणजे गोठलेले दव, पडला, हरभरे जळाले, आणि सकाळी नांदेतले फूल काळे ठिक्कर पडलेले. मी म्हणाले, “सुटका झाली.” दादासाहेबांनी पाण्याखाली, रोपाच्या गाभ्यात हात घातला आणि म्हणाले, “बघा.” काळ्या पानांच्या मधोमध, पाण्याखाली, बोटाएवढा पांढरा-हिरवा कोंब जिवंत होता. माघ संपता संपता तो वर आला. फाल्गुनात त्याने बाजूला एक नाळ सोडली, नाळेच्या टोकाला पिल्लू धरले; त्या पिल्लाने पुढे नाळ सोडली. चैत्रात नांद भरली. वैशाखात फुलली. म्हणजे शिंगाडे लावायची आमची वेळ येते तेव्हा ते ऐन जवानीत असते, आणि आमचे पीक सरते तेव्हा ते अंथरूण धरते.

“पौषात गाठायचं,” दादासाहेब म्हणाले. “तेव्हा लहान असतं, हलकं असतं, बी गळून गेलेली असते, पाऊस नसतो म्हणजे ढीग सुकतो. आणि वाऱ्यानं सगळं एका काठाला गोळा करून ठेवलेलं असतं.”

मी विचारले, “कोणत्या काठाला?”

ते थांबले. फार क्वचित थांबतात. “थोरल्यांच्या,” ते म्हणाले.

इथेच सगळे अडले होते. पौषात आमचे पाणी स्वच्छ असे. मग आमच्या माणसांनी त्या गारठ्यात थोरल्यांच्या पाण्यात उतरून त्यांची घाण का उपसायची? आणि थोरल्यांनी तरी का उपसावी, दोन महिने थांबले की वारा फिरतो नि फुकट आमच्याकडे येते. दोघेही वाऱ्याची वाट बघत बसलेले.

पुढच्या मार्गशीर्षात आमच्या घरी गाठोडी बांधून झाली होती. धाकटे दीर इंदूरच्या गिरणीत लागले होते, त्यांचा निरोप आला, जागा आहे, या. वेलीचे बियाणेही उरले नव्हते धड. आमच्या घरच्यांनी पुढल्या पंधरवड्यात निघायचे ठरवले. मला गिरणी नको होती. मी पाण्यावरची बाई, चार भिंतींत नि धुरात काय करू. पण सांगून काय उपयोग, तलावात खायला उरले नव्हते.

दादासाहेब आले ते उंबऱ्यातच उभे राहिले. गाठोडी त्यांनी पाहिली.

“एक पौष द्या मला,” ते आमच्या घरच्यांस म्हणाले.

“श्रावण दिला होता, दादासाहेब.”

“तो माझा चुकला.”

“हा चुकला तर?”

“तर मी तुमची गाठोडी स्टेशनावर पोहोचवीन.”

“आणि थोरल्यांच्या पाण्यात आम्ही उतरायचं? राघो पाय मोडेल आमचे.”

“आधी मी उतरतो. माझे मोडू दे.”

दादासाहेब अंगणात चार फेऱ्या मारून निघून गेले. मी म्हणाले, “पंधरवड्यानं गिरणी काही बंद होत नाही.” एवढेच मी बोलले. त्यावर आमच्या घरचे म्हणाले, “तुला काय, तू काठावर बसशील.” हे मात्र मला लागले.

तो दिवस असा उजाडला की पालीवरच्या गवताला पांढरी बुरशी आल्यासारखे दव गोठले होते. थोरल्यांच्या काठाला पन्नाशी गाठत आलेले दादासाहेब धोतराचा काचा मारून, उघड्या अंगाने उभे. पागोटे वहिनींच्या हातात. आम्ही धाकटे पालीवर पिंपळापाशी बांबू टेकून बघत उभे, राघोची माणसे शेकोटीभोवती बसलेली. त्यांतला एक माळवी म्हातारा ओरडला, “कँई दरोगाजी, थाँका बगीचा में पाणी खूटी ग्यो?” तुमच्या बगीच्यातले पाणी संपले की काय, असे. सगळे हसले. दुसरा म्हणाला, “रहने दो भिया, ब्राह्मण आहे, पौषस्नान चाललंय.”

दादासाहेब छातीइतक्या पाण्यात गेले. दात वाजत होते ते काठापर्यंत ऐकू येत होते. एकेक रोप तळहातावर उचलून, खाली दुसरा हात धरून, तुकडा सुटू न देता ते टोपलीत ठेवू लागले. ओढायचे नाही, मूल उचलावे तसे उचलायचे, हे त्यांनी नांदेत शिकून घेतले होते. टोपली भरली की काठावर आणायची, पालीपलीकडे कोरड्या शेतात नेऊन पालथी घालायची, परत यायचे. तीन टोपल्यांनंतर त्यांचा पाय आखडला नि ते पाण्यात बसलेच. आमच्या घरच्यांनी बांबू टाकला आणि आत उडी घेतली. पिंपळ-छत्रीची दोरी ओलांडून धाकट्या पातीचा भोई थोरल्या पाण्यात पहिल्यांदा शिरला तो असा. त्यांनी दादासाहेबांस धरून उभे केले. “बाहेर चला,” म्हणाले. दादासाहेब म्हणाले, “टोपली धरा.”

मग मी लुगडे खोचले नि उतरले. काठावर बसणारी ठरायचे नव्हते मला. माझ्यामागे आमच्या बायका आल्या. पाणी असे लागले की जीभ टाळूला चिकटली. पण बोलणे कसे थांबेल. मी शेकोटीकडे बघून म्हणाले, “राघोभावजी, बसा, शेका. तुमच्या घरची घाण धाकट्यांच्या बायका काढतायत, एवढं फक्त व्याह्यांकडे सांगा कोणी विचारलं तर.”

राघोच्या बायकोने त्याच्याकडे असे पाहिले की तो उठलाच. “ए भागीरथी, तोंड सांभाळ,” म्हणाला आणि पाण्यात आला. त्याच्यामागे बाकीचे. प्रेमाने आले असे मी लिहिणार नाही. आमच्या पाण्यातले दुसऱ्या पातीने काढले असे कोणी म्हणू नये म्हणून आले. दादासाहेबांस त्याचे काही नव्हते. “कशानेही या, पण हळू उचला,” एवढेच ते सांगत फिरत होते.

संक्रांतीपर्यंत थोरल्यांचा काठ मोकळा झाला. सुकलेले ढीग जाळले, राख दोन्ही पात्यांनी वाटून शेतात नेली; वाटणीवरून थोडे भांडण झाले, ते चालायचेच. फाल्गुनात वारा फिरला, तेव्हा आमच्याकडे तुरळक रोपे आली. ती रोजच्या रोज वेचली. आषाढात वेल लावली. नवरात्रात आमच्या टोपल्या बाजारात गेल्या. गाठोडी सोडली ती मी, एकटीने, कोणाला न विचारता.

त्या गारठ्याने आमच्या घरच्यांची छाती धरली होती, पुढे महिनाभर अंथरुणावर होते. त्या दिवसांत शिंगाड्याचे बियाणे ठेवलेल्या डबक्याची राखण करायला माणूस नव्हते. दादासाहेब स्वतः होऊन टापरीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, येऊन बसले. बसले हे म्हणायचे. बसून राहणे त्यांच्याच्याने होईना, ते डबक्याला फेऱ्या मारीत, आणि ते त्या टोकाला गेले की इकडून म्हशी शिरत. मी गेले तेव्हा एक म्हैस आमचे बियाणे रवंथ करीत होती आणि दादासाहेब तिच्याशी इंग्रजीत बोलत होते. मी म्हणाले, “तुम्ही घरी जा, मी बघते.” ते गेले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, काढ्याची पुडी घेऊन. महिनाभर असेच. राखण त्यांस एक दिवसही जमली नाही आणि एक दिवसही त्यांनी चुकवली नाही. आमच्या घरचे बरे झाल्यावर म्हणाले, “या माणसावर रागावायचं तरी कसं.” मी म्हणाले, “मला येतं.” आणि खरेच येते; त्यांनीही माझे बोलणे कधी मनाला लावून घेतले नाही, हे त्यांचे मोठेपण मी इथे नोंदवते.

तेव्हापासून दर पौषात दोन्ही पात्यांची माणसे एका पाण्यात उतरतात. टोमणे मारतात, पण उतरतात. सोयरिका करताना आता विचारतात की मुलगा पौषात पाण्यात येतो का. बांबू कोणी उचलत नाही. पुढे पुढे फूल इतके कमी झाले की नवी पोरे विचारू लागली, कशाला उतरायचे. दादासाहेब त्यांच्याशी वाद घालत नसत. स्वतः उतरत, मग त्यांच्या वयाकडे बघून पोरांना उतरावे लागे.

आता यंदाचे लिहिते, कारण यंदा जीव थाऱ्यावर नाही. गेल्या पावसाळ्यात पाऊस थोडा झाला. उन्हाळ्यात तलाव आटला, इतका की तळाला भेगा पडल्या, त्यांत हात जाईल. आमच्या लोकांनी म्हटले, बरे झाले, उरलेसुरले फूल मेले. दादासाहेब म्हणाले, “फूल मेलं, बी नाही.” ते वाळलेल्या तळावर रोज चालत, उन्हाची पर्वा न करता, जसे काही खाली कोणी निजले आहे नि जागे होईल. आषाढात पाणी आले. उथळ पाण्यात बारीक हिरवी पाती दिसू लागली. आम्ही म्हटले गवत. दादासाहेबांनी एक उपटून तळहातावर ठेवले. “आठवडाभर थांबा, देठ फुगेल,” ते म्हणाले. देठ फुगला. जिथे वर्षानुवर्षे फुले पडून गेली होती तिथे तिथे, दोन्ही पात्यांच्या काठाला, ती पाती उगवली.

ही बी मातीत किती वर्षे जिवंत राहते हे दादासाहेबांस ठाऊक नाही. त्यांनी कलकत्त्यास विचारले, तिथेही कोणास ठाऊक नाही. मी त्यांस विचारले, “मग हे संपायचं कधी?” ते म्हणाले, “भागीरथीबाई, मी आणलं तेव्हा हे विचारलं नाही, तेवढंच चुकलं.” आणि पुढल्या काठाकडे चालू लागले.

ग्रंथवाल्या मंडळींनी सत्काराचा दिवस श्रावणात धरला आहे. दादासाहेब म्हणतात श्रावणात त्यांस वेळ नाही, पाती लहान आहेत तोवर वेचली पाहिजेत. मंडळी माझ्याकडे आली, तुम्ही समजावा म्हणून. मी समजावणार नाही. शाल पालीवर घेऊन या, उभ्या उभ्या पांघरा, ते पुढे चालू लागतील; तुम्ही मागून चालत भाषणे करा. त्यांचा सत्कार दुसऱ्या तऱ्हेने व्हायचा नाही. येताना एक एक टोपली आणलीत तर अधिक शोभेल.

या ग्रंथात बाकीचे त्यांस शंभर वर्षे चिंतितील. मला तो आकडा पटत नाही. तो पुरेल की नाही हे तळातल्या चिखलास ठाऊक. टेकडीवरच्या देवीकडे मी दादासाहेबांसाठी एवढेच मागते, की त्यांचे गुडघे पौषाच्या पाण्यात टिकावेत, डोळे गवतातून ती पाती ओळखण्याइतके साफ राहावेत, आणि त्यांचे आयुष्य त्या शेवटच्या बीपेक्षा एका पावसाळ्याने जास्त असावे. तो एक पावसाळा असा यावा की दादासाहेब सकाळी दोन्ही पात्यांचे काठ फिरून येतील आणि त्यांस काही म्हणता काही सापडणार नाही.